घोडी धरणारे डॉक्टर

भाडेकरू म्हणून ठेवून घेण्याआधी डॉक्टरांनी माझा हात पाहिला. ज्योतिषी पाहतो तसा नाही, घोड्याचा खूर पाहतात तसा. मनगट धरून हात उलटा केला, बोटं ताणून बघितली, तळव्यावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "रुंद आहे. चालेल." मग मागच्या कॉटेजची किल्ली माझ्या हातात ठेवली. नवरा कुठे असतो, इतक्या लांब एकटी का आलात, यांतलं त्यांनी काही विचारलं नाही. मला तेवढ्यावरच ते घर पसंत पडलं.

डॉक्टर म्हणजे घोड्यांचे डॉक्टर. उमेदीची वर्षं त्यांनी पुण्यात शर्यतीच्या घोड्यांचे पाय तपासण्यात घालवली होती आणि नंतरची न्यूझीलंडमध्ये. निवृत्त होऊन ते सेंट्रल ओटागोतल्या त्या लहानशा गावाबाहेर राहत होते. घराभोवती करडे खडक, टेकडीवर रानथाइमची झुडपं आणि दहा एकर कुरण. कुरणात एक घोडी. मी गावातल्या फार्मसीत नोकरी धरली होती. माझी मुलगी ईरा तेव्हा चौदाची होती आणि ऑकलंड सोडायला लावल्याबद्दल माझ्याशी जेमतेम बोलत होती.

बाकी गाव त्यांना 'डॉक' म्हणायचं. ते मात्र कोणालाच नावाने हाक मारत नसत. मी 'फार्मसी' होते. गावातली शाळेची बस चालवणारी अरोहा 'बस' होती. घोडी मात्र 'बाईसाहेब'. तिच्याशी ते मराठीतच बोलत, आणि तेही अहो-जाहो करून. "बाईसाहेब, पाय उचला. उचला म्हणतो ना. धन्यवाद." मला त्यांनी चार वर्षांत एकदाही धन्यवाद म्हटल्याचं आठवत नाही.

कडाक्याच्या थंडीत ते डोक्याला माकडटोपी, त्यावर इथली रुंद काठाची हॅट आणि पायांत मोजे घालून जँडल्स, म्हणजे इथल्या अंगठ्याच्या रबरी चपला, अशा थाटात फिरत. मोजे जँडल्समध्ये नीट बसावेत म्हणून त्यांनी अंगठ्याजवळ स्वतःच शिवण घातली होती. गावातल्या डेअरीत दूध-पाव आणायला ते त्याच वेषात जात आणि रांगेतल्या माणसांच्या चालीवर मत देत. कोणाचा कंबरेचा मणका दुखतो, कोणाचा एक पाय आखूड आहे, कोणी नवे बूट घेतलेत. लोक रागवत नसत, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं की तुझी डावी चप्पल बाहेरून झिजते, खुर्चीत वाकडी बसतेस. बसत होते.

घोडी तपासायची त्यांची पद्धत अशी: अरोहाने तिला तबेल्यासमोरच्या सिमेंटवरून चालवायचं आणि डॉक्टरांनी पाठ करून, डोळे मिटून उभं राहायचं. चार ठोके सारखे पडले तर "चालेल." एक जरी हलका पडला तर त्या दिवशी काम बंद. औषधावर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण धास्ती होती. "औषधाने दुखणं जात नाही, फार्मसी," असं ते मला, एका फार्मासिस्टला, वारंवार ऐकवत. "दुखण्याची बातमी तेवढी बंद होते."

त्यामागची हकीकत त्यांनी एकदाच सांगितली. पुण्यात असताना मालकाच्या शब्दाखातर त्यांनी एका घोड्याचा पाय सुई देऊन बधिर केला होता. घोडा छान धावला आणि शेवटच्या वळणावर त्याचा तोच पाय मोडला. स्वार वाचला. घोड्याचं पुढे काय करावं लागलं ते त्यांनीच केलं. सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, की पोहे उरलेत का.

आता ज्या शर्यतीसाठी हे सगळं चालायचं तिच्याबद्दल सांगते. घोडा बर्फावरून चौखूर धावतो. त्याच्यावर स्वार असतो. खोगिराच्या मागे दहा मीटरचा दोर बांधलेला असतो आणि त्याचं टोक धरून एक माणूस स्कीवर ओढला जातो. वाटेत दोन-दोन खांबांची दारं असतात, उंचवटे असतात, आणि सगळ्यांत कमी वेळात पोचेल तो जिंकतो. ऐकताना जितकं वेडेपणाचं वाटतं तितकंच ते बघतानाही वाटतं. स्वार होती अरोहा. स्कीवरचा माणूस म्हणजे माझी ईरा. शाळेतून बर्फावर जायला लागली, दोन वर्षांत उत्तम स्की करायला लागली, आणि डॉक्टरांनी तिची चाल बघून "चालेल" म्हटलं तेव्हा मला विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

या खेळातला सगळ्यात मोठा धोका पहिल्या दोन सेकंदांत असतो. घोडी सुटण्याआधी दोर ताणलेला हवा. ढिला असताना ती सुटली तर एकदम हिसका बसतो आणि मागच्या माणसाचा खांदा जातो. म्हणून उतावळ्या घोडीला सुरुवातीला कोणीतरी लगामाजवळ धरून ठेवतं आणि स्कीवाल्याने सांगितलं की सोडतं. धरायचं काम डॉक्टरांचं. त्यांनी इशाऱ्याचा शब्दही मराठी ठेवला होता. कारण मैदानावर 'गो' आणि 'रेडी' शंभर माणसं ओरडत असतात. ईरा पहिल्यांदा म्हणाली, "सोड." डॉक्टर मागे वळून म्हणाले, "मी काय तुझा गडी आहे?" तेव्हापासून ती "सोडा" म्हणायला लागली. घरात मराठी समजून इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी दिवसातून वीस वेळा तेवढा एक आदरार्थी मराठी शब्द बोलायची.

ईरा सोळाची असताना, पहिल्याच हंगामात, घोडी आधी सुटली. मी कुंपणाशी थर्मास घेऊन उभी होते. दोर बर्फावर सापासारखा पडलेला दिसला, मग दिसला नाही, आणि ईरा तोंडावर पडली होती. गळपट्टीचं हाड मोडलं. लोक म्हणाले, घोडी बुजली. मीही तेच धरून चालले. डॉक्टर काहीच म्हणाले नाहीत. ते सहा आठवडे रोज एकदा कॉटेजच्या दाराशी येऊन तिच्या श्वासाचा आवाज ऐकून जात.

पुढच्या हंगामाची तयारी एप्रिलमध्ये, पॉप्लरची झाडं पिवळी पडायला लागली तशी सुरू झाली. अर्ज आला. ईरा सतरा वर्षांची, म्हणून पालकाची सही लागत होती. मी तो अर्ज फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावला आणि सही केली नाही. ईरा फ्रिज उघडताना त्याच्याकडे बघायची आणि बंद करताना माझ्याकडे. मी तिला सांगितलं होतं, की घोडी उभी राहायला शिकली याची मला खात्री पटली तर सही करीन, नाहीतर नाही. ती म्हणाली, "फेअर इनफ." तिने भांडावं असं मला वाटत होतं.

डॉक्टरांनी मला एका शब्दानेही गळ घातली नाही. ते घोडीला उभं राहायला शिकवत होते. बर्फ पडायला दोन महिने होते, त्यामुळे बर्फावर स्की घासल्याचा आवाज त्यांनी इतर वस्तूंमधून काढला. घोडीच्या मागे छपराचा पत्रा बांधून खडीवरून ओढला. मग जुनं दार. मग माझी भारतातून आणलेली चाकांची बॅग, जिचं एक चाक मोडलं होतं आणि जिचा आवाज त्यांच्या मते सर्वांत जवळचा होता. सकाळी मी कामावर निघाले की डॉक्टर कुरणात घोडीसमोर खुर्ची टाकून बसलेले, हातात वर्तमानपत्र, घोडी मोकळी, आणि अरोहा मागे पत्रा बडवतेय असं दृश्य असायचं. घोडीने जागा सोडली की ते उठून तिला परत आणत आणि पुन्हा वाचायला लागत. "आठ अंकांपर्यंत उभ्या राहतात," एक दिवस ते म्हणाले. मी विचारलं, मैदानावर किती लागतात. ते म्हणाले, पंधरा.

रात्री मला झोप लागत नव्हती. मी घड्याळ न बघता पंधरा अंक मोजायची सवय लावून घेतली. फार मोठा वेळ असतो तो.

मी घोडीला संध्याकाळी गाजरं द्यायची. माणसांची औषधं दिवसभर हाताळल्यावर तिच्याशी बरं वाटायचं, कारण ती काही विचारत नसे. डॉक्टरांनी मला तिच्या पायावरून हाताची मागची बाजू फिरवायला शिकवलं होतं. तळव्यापेक्षा तिथे गरमपणा लवकर कळतो. जुलैच्या सुरुवातीला, पहिला बर्फ वर पठारावर टिकला त्याच संध्याकाळी, मी तिच्या पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवला आणि हाताला कापराचा वास आला.

खोबरेल तेल असणं ठीक होतं. खुरांत बर्फाचे गोळे बसू नयेत म्हणून डॉक्टर खुरांना आतून तेच लावत, आणि ओटागोच्या थंडीत ते कायम साबणासारखं गोठलेलं असे. पण कापूर घातलेलं खोबरेल हे आपल्याकडे घरोघरी सांधे चोळायला करतात ते तेल. ते पायाला लावायचं म्हणजे पाय दुखत होता. आणि हे सगळं त्या माणसाने केलं होतं, ज्याने मला दुखण्याच्या बातमीबद्दल इतकं ऐकवलं होतं. माझी मुलगी त्या घोडीच्या मागे दोर धरून जाणार होती.

मी सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. ते चहा पीत होते. मी विचारलं, की घोडीच्या पायाला काय झालंय. ते म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, मग कापूर कशाला. त्यांनी कप खाली ठेवला. डाव्या हाताने ठेवला, आणि तेवढ्यावरून मला बाकीचं दिसायला लागलं. मार्चपासून लोणच्याच्या बरणीचं झाकण ते मला उघडायला देत होते. कोटाची बटणं जाऊन तिथे वेल्क्रोची चिकटपट्टी आली होती. वर्तमानपत्र मांडीवर ठेवून वाचत होते. मी रोज शंभर माणसांना सांधेदुखीच्या गोळ्या देते आणि माझ्या घरमालकाचा उजवा हात मला दिसला नव्हता.

घोडीचा पाय ठणठणीत होता. तेल त्यांनी स्वतःच्या मनगटाला चोळलं होतं आणि त्याच हाताने घोडीचे पाय तपासले होते.

मी त्यांचा हात ओढून घेतला. या वेळी मी पाहिला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. टोकांना नखाने दाबलं तर त्यांना कळत नव्हतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दीड वर्ष."

मी मनात हिशेब केला आणि त्यांनी तो करू दिला. मग म्हणाले, "घोडी बुजली नव्हती. बाईसाहेबांनी काही केलं नाही. माझ्या हातातून लगाम गेला. गेला ते मला कळलंसुद्धा नाही, फार्मसी. हात रिकामा आहे हे मला डोळ्यांनी बघावं लागलं."

मला ओरडायचं होतं आणि त्यांच्या वयाच्या माणसावर मला ओरडता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "बातमी तुम्ही बंद केलीत."

ते हो म्हणाले.

का सांगितलं नाही, हे त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. घोडी न धरताच उभी राहायला शिकली की कोणाला काही सांगायला लागणारच नाही, असा त्यांचा विचार होता. म्हणून ती खुर्ची, ते वर्तमानपत्र, तो पत्रा. तीन महिने गाव ज्याला डॉकचा विक्षिप्तपणा म्हणत हसत होतं ते एका म्हाताऱ्या माणसाने स्वतःची चूक घोडीकडून दुरुस्त करून घेणं होतं. मी सांगितलं, की आठ अंकांवर मी माझी मुलगी पाठवणार नाही. ते म्हणाले, "पाठवू नकोस." मी सांगितलं, की ईराला हे तुम्ही सांगायचं, मी नाही. त्यावर मात्र ते घाबरले.

दुसऱ्या दिवशी ईरा शाळेतून आल्यावर त्यांनी तिला कुरणाच्या फाटकाशी उभं करून सांगितलं. मी शेजारी होते. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, म्हणजे तिला नक्की कळावं म्हणून, आणि त्यांचं इंग्रजी एरवी चांगलं असूनही ते दोनदा अडखळले. ईराने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आय नो, डॉक. आय सॉ युअर हँड ओपन."

वर्षभर माहीत होतं तिला. दोराच्या टोकाला उभं राहिलं की समोर घोडीचे पाय, बर्फ आणि धरणाऱ्याचा हात एवढंच दिसतं. तिने कोणाला सांगितलं नाही, कारण मग लोकांनी डॉकना येऊ दिलं नसतं. गळपट्टीचं हाड मोडून घेतलेली मुलगी हे मला अशा स्वरात सांगत होती जसा मी फार्मसीत वापरते. मला तिचा अभिमान वाटला असं मी म्हणणार नाही. मला तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

मग प्रश्न उरला की धरणार कोण. अरोहा वर बसणार. गावातले दोघंतिघं बाप्ये डॉक्टरांनी मागेच धरून पाहिले होते. घोडीने एकाला चावलं होतं आणि दुसऱ्याला कुंपणावर दाबलं होतं. हंगाम सोडून द्यायचा, असं डॉक्टर म्हणाले. ईरा काही वेळ घोडीकडे बघत राहिली. मग तिने इंग्रजीत विचारलं, की बाईसाहेबांना रोज गाजर कोण देतं.

डॉक्टरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही.

मी नाही म्हटलं. मग रात्रभर विचार केला आणि सकाळी एक अट घालून हो म्हटलं: शर्यतीनंतरच्या मंगळवारी त्यांनी हाताच्या डॉक्टरांकडे जायचं. मनगटात नस दबली आहे हे मला कळत होतं, आणि ती मोकळी करता येते हेही. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, बघू नाही, मी वेळ घेतली आहे.

पुढचे पाच आठवडे त्यांनी मला धरायला शिकवलं. मी नोकरीवरून येऊन, अंधार पडेपर्यंत. घोडीच्या समोर उभं राहायचं नाही, खांद्याशी राहायचं. लगाम आवळायचा नाही. आवळला की तिला कळतं की तू घाबरलीस, आणि तू घाबरलीस तर घाबरण्यासारखं काहीतरी आहे. श्वास पोटातून. आणि सर्वांत कठीण म्हणजे मागे बघायचं नाही. मागे बघितलं की खांदा वळतो, खांदा वळला की घोडीला वाटतं निघालो. नजर तिच्या कानावर. स्कीवाल्याचा फक्त आवाज ऐकायचा.

"म्हणजे मी ईराकडे बघायचंच नाही?" मी विचारलं.

"तिच्याकडे तू गेल्या वर्षी बघत होतीस," डॉक्टर म्हणाले. "काय उपयोग झाला?"

ते क्रूर बोलत, पण खोटं बोलत नसत. म्हणजे त्या एका दीड वर्षाखेरीज.

अर्जावर मी सही शेवटच्या दिवशी केली, उभ्याउभ्या, फ्रिजच्या दारावर. पेन नीट उमटेना म्हणून दोनदा गिरवली.

शर्यतीच्या दिवशी वर पठारावर ऊन होतं आणि वारा नव्हता. डॉक्टरांनी घोडीला सिमेंट नाही म्हणून पार्किंगच्या कडक जागेवरून चालवायला लावलं आणि पाठ करून ऐकलं. चार ठोके. "चालेल." मग खुरांना आतून खोबरेल लावलं, साधं, डाव्या हाताने. कोणीतरी त्यांना नेहमीप्रमाणे धरायच्या जागेकडे बोलावलं. तेव्हा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की माझा हात गेलाय, गेल्या वर्षी पोरगी माझ्यामुळे पडली, आज फार्मसी धरणार आहे. मग अरोहा वरून म्हणाली, "स्वीट ॲज, डॉक," म्हणजे इथल्या बोलीत 'काही हरकत नाही', आणि रिकीब नीट करायला लागली.

मी लगामाजवळ धरलं. घोडीचा कान मागे गेला, पुढे आला. तिच्या नाकातून वाफ येत होती आणि तिच्या खांद्यात एक थरथर होती जी माझ्या हातात उतरत होती, किंवा उलट. मागे स्की सरकवल्याचा आवाज आला. मोडक्या चाकाच्या बॅगेसारखाच होता, डॉक्टर बरोबर होते. दोर घासत गेला. मी मोजत होते. आठ झाले. घोडीने एक पाऊल उचललं आणि मी पोटातून श्वास सोडला, तिने पाऊल होतं तिथेच ठेवलं. अकरा. बारा. मला मागे वळून बघायची इतकी तीव्र इच्छा झाली की मान दुखायला लागली. दोर ढिला आहे का, हेल्मेटचा पट्टा लावलाय का, तोंड कसं आहे तिचं. मी कानाकडे बघत राहिले. तो काळा होता आणि त्याच्या टोकाला एक जुनी चीर होती. तेरा.

"सोड, आई."

मी सोडलं.

बर्फाचा फवारा तोंडावर बसला आणि मला बराच वेळ काही दिसलं नाही. आवाज लांब गेला. पहिलं दार, दुसरं, लोकांचं ओरडणं. डोळे पुसून बघितलं तर ईरा पलीकडच्या टोकाला उभी होती, दोन्ही पायांवर, आणि दोराची गुंडाळी करत होती. त्यांचा पाचवा नंबर आला. आठ जणांत.

डॉक्टर जँडल्समध्ये बर्फ तुडवत माझ्यापाशी आले. माकडटोपी वर सरकली होती आणि त्यांचे डोळे लाल झाले होते, थंडीने झाले असतील.

"अर्धा सेकंद उशीर केलास," ते म्हणाले.

मी म्हटलं हो, केला. मग त्यांच्या उजव्या हातात थर्मासचं झाकण दिलं, ते त्यांच्याकडून पडलं, मी उचललं, आणि त्यांना मंगळवारची वेळ पुन्हा सांगितली. सव्वादहा.

"चालेल," डॉक्टर म्हणाले.